डब्यावरचं नाव

प्रिय भिंगरी,

परवा तू फोन आपटलास. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत म्हणून नुसता बंद केलास, पण मला इकडे आवाज आला. तू रडकुंडीला येऊन सांगत होतीस आणि मी मधेच हसले, हे खरं आहे. नंतर मी परत फोन केला तो तू उचलला नाहीस. तुझे बाबा म्हणाले, तिला जरा निवळू दे. ते स्वतः निवळायला आठवडा घेतात, म्हणून त्यांना सगळं जग तसंच वाटतं. पण रविवारी तुला त्या घरी जाऊन लग्नाला हो की नाही ते सांगायचं आहे, तेव्हा वाट बघत बसण्यात अर्थ नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद फार तर फाडशील, पण आधी वाचशील आणि मग फाडशील, एवढी मी तुला ओळखते.

तुला तो माणूस आवडलाय, ते मला तुझ्या आवाजावरून कधीच कळलं होतं. अडलंय ते त्याच्या मुलीपाशी. सात वर्षांची पोर, आई गेलेली, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे ती तुला जवळ येऊ देत नाही. तू म्हणालीस, जन्मभर एखाद्या घरात पाहुणी म्हणून राहण्यापेक्षा मी आत्ताच नाही म्हणून मोकळी होते. मग तू तिचं बोलणं मला म्हणून दाखवलंस, आणि तिथे मी हसले. का हसले ते सांगणार आहे, पण आधी आमच्या ऑफिसचं सांगते. झालं हिचं कॉम्प्युटरपुराण सुरू, असं म्हणशील. म्हण. गेले काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आमची नळांची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, हे तुला माहीत आहे. (घरचा नळ अजून गळतोच आहे. बाबांनी त्याखाली बादली ठेवली आहे आणि प्रश्न सुटला असं जाहीर केलं आहे.) दारावरची पाटी बदलली, गळ्यातली ओळखपत्रं बदलली, आणि आता सगळे कॉम्प्युटर नव्या डोमेनमध्ये न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डोमेन म्हणजे काय, तर एका कंपनीचे सगळे कॉम्प्युटर ज्या एका कारभाराखाली असतात तो. आत कोणाला घ्यायचं, कोणाला काय उघडू द्यायचं, हे तिथे ठरतं. आणि प्रोफाइल म्हणजे प्रत्येक माणसाने आपापल्या मशीनवर मांडलेला संसार. फायली, चित्र, कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, कुठला प्रिंटर आपला, असं सगळं. कारभार बदलायचा आणि संसार मोडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. बोलायला सोपं आहे.

नव्या कंपनीकडून एक साहेब आले आहेत. माणूस वाईट नाही, पण कायम गाडी सुटत असल्यासारखा वावरतो. मी दुसऱ्या मजल्यावर असताना ते आमच्या हिशेबाच्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, नाव तेच, पासवर्ड तोच, फक्त नव्या डोमेनमध्ये लॉगिन करा की झालं. बाईंनी केलं. समोर कोरा निळा पडदा आला आणि कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपली. बस, बाकी काही नाही. या बाई मी नोकरीला लागायच्या आधीपासून त्या खुर्चीत आहेत. त्यांच्या पडद्यावर बहिणीच्या बागेचा फोटो असतो, डावीकडे भांडखोर गिऱ्हाइकांच्या फायली आणि उजवीकडे शहाण्यांच्या. एखादं गिऱ्हाईक सुधारलं की त्याला उजवीकडे बढती मिळते. मी धावत खाली आले तेव्हा बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, निघायची वेळ झाल्यासारख्या.

मी त्यांना सांगितलं, काही गेलेलं नाही. सगळं याच मशीनमध्ये आहे, जिथे होतं तिथेच आहे. पण मशीन माणसाला नावाने ओळखत नाही. नाव आपल्या सोयीसाठी असतं. प्रत्येक नावामागे एक लांबलचक नंबर असतो, तो आपल्याला दिसतसुद्धा नाही, आणि मशीनचा सगळा विश्वास त्या नंबरवर. नव्या डोमेनने बाईंना नवा नंबर दिला, तेव्हा मशीनला वाटलं, त्याच नावाची कोणी दुसरीच बाई आली आहे. मग मशीनने काय करावं? दिली हिला एक रिकामी खोली. जुनीची खोली कुलूप लावून जपून ठेवली. मशीनच्या बाजूने बघितलं तर तिने इमानाचं काम केलं.

साहेब म्हणाले, मग जुन्या फायली उचलून नव्या खोलीत टाका, दहा मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. फायली येतात, मांडणी येत नाही. भांडखोर आणि शहाणे एका ढिगात येतात, आणि मागे कुलूपबंद खोली तशीच राहते. योग्य रीत वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे. जुन्या खोलीतलं काही हलवायचं नाही. आतल्या एकेका वस्तूला सांगत जायचं की ही नवी आली आहे, हिलाही तुझ्यावर हक्क आहे. एकेका फाइलला. यात घाई करता येत नाही, मधे मशीन बंद करता येत नाही, काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी एकाच जागी अडकून बसते आणि आपण नुसतं बघत राहायचं. साहेबांनी चारदा विचारलं, झालं का. बाईंचा चहा पिऊन झाला, दुसराही झाला. दुपार टळल्यावर मी म्हटलं, आता या. त्यांनी लॉगिन केलं आणि बाग आली. भांडखोर डावीकडे, शहाणे उजवीकडे. बाईंनी मांडीवरची पर्स उचलून टेबलाच्या खणात ठेवली आणि कामाला लागल्या.

त्या पट्टीकडे बघत बसले होते तेव्हा मला सारखी तू आठवत होतीस. मी आपल्या घरात आले त्या दिवशी माझ्या हातातली बॅगसुद्धा खाली ठेवून झाली नव्हती, आणि तुझ्या बाबांनी दारातच सांगून टाकलं, ही आता तुझी आई. आमच्या साहेबांसारखंच, नाव तेच, लॉगिन करा की झालं. तू माझ्या चपलांकडे बघितलंस आणि आत निघून गेलीस. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि तुझं बरोबर होतं. आई नावाची कोणी दुसरीच बाई दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. ‘साखर’ लिहिलेल्या डब्यातून साखर घातली. तुझ्या बाबांनी एक घोट घेतला, मान खाली घातली आणि अख्खा कप संपवला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. माझ्या कपाची चव घेतली तर मिठाचं पाणी. तुझ्या आईने कधीतरी घाईत साखर-मिठाची अदलाबदल केली होती आणि चिठ्ठ्या तशाच राहिल्या होत्या, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, माझ्याखेरीज. तू दाराच्या आडून बघत होतीस. मी चहा ओतला, ‘मीठ’ लिहिलेला डबा उघडला आणि त्यातली साखर घालून नवा केला. चिठ्ठ्या बदलायला मला एक मिनिट लागलं असतं. पेनसुद्धा समोरच होतं. पण तू ज्या डोळ्यांनी बघत होतीस ते बघून माझा हात पेनकडे गेला नाही. आपल्याकडे आजही साखर मिठाच्या डब्यात असते आणि नवा पाहुणा आजही फसतो.

आणि तुझं बोलणं. ते तुला आठवत नसेल, मला शब्दन् शब्द आठवतो. तू मला काहीच म्हणत नव्हतीस. आई तर सोडाच, मावशी नाही, काकू नाही. ‘तू’ म्हणावं तर मी जवळची होईन, ‘तुम्ही’ म्हणावं तर बाबा रागावतील. मग तू अशी काही वाक्यं शोधून काढलीस की त्यात मी कुठेच नव्हते. डबा भरून झाला का? आज यायला उशीर होणार आहे का? वहीवर सही हवी होती. एवढीशी पोर सरकारी पत्रासारखी बोलायची. मी कधी मुद्दाम पेचात पकडायला बघायची, विचारायची, कोणाची सही हवी आहे गं? तू म्हणायचीस, घरातल्या मोठ्या माणसाची. मी हरायची आणि सही करायची. तुझ्या बाबांना वाटायचं तू तुसडी आहेस. मला रात्रंदिवस वाटायचं, आपण हिच्या घरात घुसलो आहोत.

दोन वर्षं असंच चाललं असेल. मग एक दिवस मी स्टुलावर चढून माळ्यावरून वायर ओढत होते आणि स्टूल डगमगलं. तू खालून ओरडलीस, अगं, पडशील ना! म्हणालीस आणि तुझं तुलाच कळलं. पाणी प्यायच्या निमित्ताने पळालीस. मी वायर सुटली तरी बराच वेळ वरच उभी होते, कारण डोळे असे झाले होते की खाली उतरायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी परत ‘डबा भरून झाला का’ सुरू झालं, मला वाईट वाटलं. पण आठवड्याभरात आणखी एक अगं निसटलं, मग आणखी एक, आणि नंतर मोजायची गरज राहिली नाही. ‘आई’ तू मला कधीच म्हणाली नाहीस. मला तो शब्द हवा होता, नव्हता असं खोटं सांगणार नाही. तुझ्या शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या पोरी आई आई करत धावत यायच्या ते मी बघत राहायची. पण ‘आई’ लिहिलेला तो डबा आधीच भरलेला होता आणि त्यावरचं नाव पुसून मला आत शिरायचं नव्हतं. मला अगं मिळालं, आणि आता कोणी बदलून देतो म्हणालं तरी मी देणार नाही.

आता हसण्याचं. तू चिडून सांगत होतीस की ती पोरगी तुला धड काही म्हणत नाही. पाणी हवं आहे का, खिडकी लावायची का, असं परक्यासारखं बोलते, आणि निघताना दारात उभी राहून तिने तुला काय विचारलं, तर आता परत कधी येणं होणार? सात वर्षांच्या पोरीने असं बोलावं? भिंगरे, ही तुझी भाषा आहे. अख्ख्या जगात ती बोलणारी दुसरी कोणी मला आजवर भेटली नव्हती, म्हणून मी हसले, आणि फोन बंद झाल्यावर रडलेसुद्धा. तू शेजारणीला बिनदिक्कत काकू म्हणायचीस, बसमधल्या अनोळखी बाईला मावशी म्हणायचीस. परक्यांसाठी मुलांकडे शब्द तयार असतात. तुझ्यासाठी तिला अजून सापडत नाही, कारण तुला परक्यांत टाकायची तिची तयारी नाही. आणि तिने काय विचारलं ते परत एकदा वाच. ‘तू येशील’ की ‘तुम्ही याल’, तिथे बिचारी अडकली, पण परत कधी, हे विचारल्यावाचून तिला राहवलं नाही. रविवारी जा, आणि तिला आधी त्या प्रश्नाचं उत्तर दे.

तुझीच,
अगं