माझी मोठी फुफ्फुसं

३ ऑक्टोबर
सिगारेट बंद. कायमची. सकाळच्या चहाबरोबरची धरायची नाही, ते औषध आहे. त्याशिवाय पोट साफ होत नाही.
कारखान्याच्या वर्धापनदिनाला महिना उरला. आमच्या बँडच्या कार्यक्रमाच्या शेवटी ट्रम्पेटचा एक लांबच लांब सूर असतो. दर वर्षी मी एकटा उभा राहून धरतो. लोक घड्याळं बघतात! बँडमास्तर म्हणाले, यंदा मेहुण्याला देऊ या का? मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शेजारी बसून दुसरा ट्रम्पेट वाजवतो. मीच शिकवलाय. मास्तरांना म्हटलं, मी अजून जिवंत आहे.

५ ऑक्टोबर
बुटाची नाडी बांधताना दम लागला. बूट घट्ट आहेत. बदलणार.

८ ऑक्टोबर
बायकोने फसवलं. चष्म्याचा नंबर काढायला म्हणून नेलं आणि छातीच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. बाईंनी नळीत फुंकायला लावलं. ट्रम्पेटवाल्याला! जीव खाऊन फुंकलं. तर म्हणे अजून, अजून, थांबू नका. अजून कुठून आणू? यंत्र स्वस्तातलं होतं. मग एक्स-रे.

१० ऑक्टोबर
रिपोर्ट आला. बाई स्वतः म्हणाल्या, फुफ्फुसं नेहमीपेक्षा मोठी दिसतायत! पुढेही बरंच काही बोलल्या, पण माझं लक्ष नव्हतं. डबा खाताना कारखान्यातल्या आमच्या अख्ख्या स्टोअर्सला सांगितलं. मास्तरांना मुद्दाम फोन केला. येताना एक सिगारेट. आनंदाची, म्हणजे हिशेबात नाही.

१२ ऑक्टोबर
ते 'बरंच काही' बायकोने नीट ऐकून ठेवलं होतं. आज जेवताना ऐकवलं. म्हणे फुफ्फुसांत इवल्या इवल्या पिशव्या असतात. त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड हवेत येतो. छातीखालचा स्नायू खाली सरकला की हवा आत. बाहेर टाकायला एरवी कष्ट नाहीत, पिशव्या रबरासारख्या आपोआप आकसतात. माझं रबर म्हणे सिगारेटने सैल पडलंय, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखं. (हा दाखला बाईंचा की हिचा, कळलं नाही.) काही पिशव्यांच्या भिंतीही गेल्यात. जुनी हवा आतच अडकते, नवीला जागा नाही, म्हणून फुफ्फुसं फुगलेली.
मी म्हटलं, अगं, हा साठा आहे! इतकी वर्षं स्टोअर्स सांभाळतोय. माल कमी भरला की साहेब बोंबलतात, जास्त भरला म्हणून कोणी बोललेलं नाही. ती म्हणाली, गोदाम भंगाराने भरलं तर नवा माल काय डोक्यावर ठेवता?
हिला स्टोअर्समधलं काय कळतं!

१९ ऑक्टोबर
तालीम. सूर असा लागला की बस्स! मध्येच श्वास घ्यावासा वाटला, घेतला, तरी सूर तुटला नाही. साठ्यावर चालू राहिला असणार. विज्ञान आहे. शेजारी मेहुणा लालबुंद झाला होता. जळतो मेला.

२६ ऑक्टोबर
बाईंनी दिलेला औषध ओढायचा पंप कपाटात. गरज पडली तर बघू. उद्यापासून सकाळची सिगारेटही बंद. निदान अर्धी.

३ नोव्हेंबर
घात झाला.
उभा राहिलो. मेहुण्याने ट्रम्पेट मांडीवर ठेवला. मी सूर धरला. जरासा टिकला, मग फाटला, मग नुसती हवा, मग तीही नाही. डोळ्यांपुढे अंधारी. साहेबांच्या मिसेस हसल्या. मास्तरांनी चटकन हात खाली घेतला आणि कार्यक्रम संपला.
मेहुण्याला बाहेर गाठला. काय रे, ट्रम्पेट मांडीवर ठेवून काय मजा बघत होतास? तो रडवेला. बँडमध्ये पद्धत आहे, एकाने श्वास घ्यायचा तेव्हा शेजाऱ्याने सूर चालू ठेवायचा, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण ते सगळ्यांच्या सुरात. माझ्या एकट्याच्या सुरात तो तीन वर्षं हेच करत होता! मास्तरांना ठाऊक. अख्ख्या बँडला ठाऊक. आज वाजवू नकोस असं ताईने बजावलं होतं, भावोजी, म्हणाला.
ताई म्हणजे माझी बायको. घरचीच माणसं फितूर.

४ नोव्हेंबर
अबोला धरला. दुपारपर्यंत टिकला. ती म्हणाली, तुम्ही झोपलात की मी तुमचा श्वास ऐकत पडते. सगळ्यांना ऐकू येतो, एक तुम्ही सोडून. एकदा तुम्हालाही ऐकू यावा म्हणून माझ्या भावाला थांबवलं. मग रडायला लागली.
मी चिडलो. फार चिडलो. नंतर कसंतरीच झालं. तीन वर्षं टाळ्या त्याच्या होत्या आणि वाकून वाकून मी घेतल्या.

५ नोव्हेंबर
बाईंनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. बायकोला म्हटलं, सोबत नको, मी काय कुक्कुलं बाळ आहे? दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पहिल्या वळणावर बसलो. जिना नीट पाहून घ्यावा म्हणून. मागून बायको आलीच. शेजारी पायरीवर टेकली. वरून एक गृहस्थ उतरत होते. त्यांनी तिला विचारलं, बाई, दम लागलाय का? ती म्हणाली, हो, मला जरा लागतो.
मी गप्प राहिलो. बोलायला श्वास नव्हता.