खांबावरची खूण

एर्लांगेन, जर्मनी, १५ जून

यशपाल, माझ्या आळशी पण लाडक्या भावा, जयभीम.

काल शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझ्या बहिणीचा अपमान झाला. तब्येत ठणठणीत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही.

आपल्या क्षमाने, माझ्या लेकीने, मला जवळच्या गावातलं सातशे वर्षांचं गॉथिक चर्च दाखवलं. खांब वर जाऊन झाडासारखे फाकतात आणि छत पेलतात. भिंतींना बाहेरून दगडी टेकू आहेत, म्हणून खिडक्या एवढ्या उंच. वर बघून बघून माझी मान आखडली, यावरून काय ते समज.

एका खांबावर बाणासारखी खूण होती. गाइड म्हणाला, हे पर्यटकांचे ओरखडे. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत मी सांगितलं, "ही दगड घडवणाऱ्याची खूण आहे."

तो हसला. "बाई, तुम्हाला कसं माहीत?"

"आई, बिटे!" क्षमा पुटपुटली, म्हणजे पुरे कर ना.

"माझे वडील पाथरवट होते. तुमचे?"

तेवढ्यात दुरुस्ती करणारा म्हातारा कारागीर परांचीवरून उतरला. "गेनाऊ! बाईंचं बरोबर आहे." गाइडचं तोंड बघायला हवं होतंस! मग म्हाताऱ्याने विचारलं, "वडिलांची खूण कशी होती?"

मला आठवेना रे.

आपल्या गावच्या शाळेच्या जोत्यात बाबांनी घडवलेले दगड आहेत. शाळा पाडणार होते, पाडली का? नसेल तर आजच जा, खुणेवर कागद ठेवून पेन्सिल घास आणि तो पाठव. मोबाइलवर फोटो नको, सबबी नकोत. ऑगस्टात परतण्याआधी मला बाबांची खूण त्या म्हाताऱ्याच्या हातात द्यायची आहे. ३१ जुलैच्या आत लेखी उत्तर हवं.

तुझी ताई