वेळापत्रकाबाहेरचे तीन बिंदू

१२ फेब्रुवारी

ज्ञानदाने आलेख दाखवला. आमच्या पल्सारचे क्ष-किरण तीन दिवस वाढताहेत. तीन बिंदू.

"ताऱ्याजवळ यायला त्याला अजून चाळीस दिवस आहेत," मी म्हणालो. "आकाशात सूर्य शेजारी आहे, उपकरणाचा गोंधळ असणार. काढून टाक."

"सर, दुर्बिणीचा वेळ तरी मागून ठेवू या? मला उद्रेक पक्का वाटतोय."

नको म्हटलं. तिने मेलवर पुन्हा विचारलं. तिथेही नको.

पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगरता गाभा, शेजारच्या अवजड ताऱ्याला एकशे पाच दिवसांत फेरी घालतो. जवळ आला की ताऱ्याभोवतीचं द्रव्य ओढतो आणि भडकतो. चौदा वर्षं या तारखा मला पाठ आहेत. पीएच.डी.च्या मुलीने त्या मला शिकवाव्यात?

१९ फेब्रुवारी

परदेशातल्या एका गटाने जाहीर केलं — आमच्या पल्सारचा महाउद्रेक. चौदा वर्षांतला पहिला. असा उद्रेक तारखेसाठी थांबत नाही, हे मीच वर्गात सांगतो.

पहिला आठवडा कुठल्याही मोठ्या दुर्बिणीने पाहिला नाही. ज्ञानदाच्या प्रबंधाला नेमका तोच हवा होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्रबंध समितीची बैठक. ज्ञानदाला वर्षाची मुदतवाढ द्यायची का? नाही मिळाली तर प्रबंध अर्धाच राहील.

विभागप्रमुख बराड सरांनी मला विचारलं, "शुरू में किसी ने देखा नहीं, जी?"

"स्टुडंट से मिस हो गया," मी म्हणालो.

ती समोरच बसली होती. माझ्याकडे पाहिलं नाही. बराड सर पुढच्या विषयाकडे वळले. निर्णय सोमवारी.

२१ फेब्रुवारी

बायकोबरोबर, हिमानीबरोबर, सेक्टर १७च्या बाजारात. "ज्ञानदाला जेवायला बोलाव ना. काल फाटकाशी भेटली, धड बोललीसुद्धा नाही. ओरडलास वाटतं तिच्यावर?"

ओरडलो असतो तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

तिची मेल आणि खाली माझं उत्तर बराड सरांना पाठवलं. वर दोन ओळी — तिने पाहिलं होतं, मी थांबवलं. शुक्रवारी खोटं बोललो. त्या दोन ओळी लिहिता लिहिता सकाळचे दुपारी चार वाजले.

२३ फेब्रुवारी

मुदतवाढ मिळाली. बराड सरांनी खोलीत बोलावलं. ती मेल ज्ञानदाने समितीला गुरुवारीच दिली होती. सोबत विनंती — "अभी कुछ मत कहिए, सर खुद बता देंगे."

"इसीलिए तो पूछा था आपसे," ते म्हणाले.

म्हणजे शुक्रवारी मी बोललो तेव्हा टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने ती मेल वाचलेली होती.