गरम आधी की थंड?

३ तारीख, सोमवार
मामा सकाळी सकाळी – "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता निदान प्रोजेक्टर तरी हातातून सोडू नकोस!" मामाच्या क्लासचा कॉम्प्युटरवाला मी. गप्प ऐकून घेतलं, कारण मागे ती उभी होती. विज्ञान शिकवते. म्हणाली, "शुक्रवारी नववीला एक वाद दाखवायचाय, ज्याचा निकाल शास्त्रज्ञांतच लागलेला नाही. गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठू शकतं का? इंटरनेटवरून दोन्ही बाजू काढून द्याल?"
देईन? जीव काढून देईन!

४, मंगळवार
सतरा पानं, नऊ व्हिडिओ. काही म्हणतात – गोठतं, आम्ही करून पाहिलं. काही म्हणतात – मोजण्यातली चूक, थर्मामीटर जरा वरखाली झाला की निकाल पालटतो. मी निकाल लावून टाकला – गोठतं! विरुद्ध बाजू यादीतून उडवली. छाती फुगवून तिला यादी दिली.
"निकाल कोणी मागितला होता तुमच्याकडे?"
डोकं सटकलं. दार आपटून आलो. कॉलेजातही हेच – सरांशी वाद, धाडकन दार, आणि पुन्हा तिकडे फिरकलोच नाही.

५, बुधवार
तिला खोटं पाडायचंच! फ्रीजरमध्ये दोन वाट्या ठेवल्या. आई – "माझ्या वाटाण्यांची जागा कोणी बळकावली?" पहिल्या खेपेला गरम जिंकलं. दुसऱ्या खेपेला थंड. तिसऱ्या खेपेला वहिनीने चारदा दार उघडलं. घ्या!
उडवलेले व्हिडिओ गुपचूप परत घातले.

६, गुरुवार
तिने यादी पाहिली. नुसतं "हं." त्या "हं"वर अख्खा दिवस काढला.

७, शुक्रवार
वर्ग दुभंगला! निम्मे गरमवाले, निम्मे थंडवाले. मागून कोणीतरी – "तुझा थर्मामीटरच फितूर आहे!" शेवटी चष्मेवाली उठली, "दादा, मग बरोबर कोण?" सगळे माझ्याकडे. जीभ वळवळली. म्हणालो, "मला माहीत नाही. अजून कोणालाच नाही." जन्मात पहिल्यांदा! आभाळ कोसळलं नाही. ती मागच्या बाकावर हसत होती.

८, शनिवार
जिन्यात धीर करून विचारलंच – मी आवडतो का तुम्हाला?
"दोन्ही बाजूंनी पुरावा आहे," ती म्हणाली. "फक्त ती दारं आपटणं फार जड जातंय."
राग आला नाही. घरापर्यंत शीळ घालत आलो!

१०, सोमवार
कॉलेजात गेलो. आपटलं होतं तेच दार हळूच वाजवलं. "सर, त्या दिवशी तुमची बाजू अर्धीच ऐकली होती."
सरांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस. मीही तुझी अर्धीच ऐकली होती."