याईराच्या मुलीचं कार्ड

पनवेल

प्रिय भावेश,

तुझ्या पत्त्यांचा नमुन्याचा संच, आणि त्यात हे कार्ड, येऊन महिना झाला. छापखाना माझ्या होकारासाठी खोळंबलाय, हे ठाऊक असूनही मी उत्तर लिहिलं नाही. येशूने मेलेली उठवली त्या याईराच्या मुलीला आमच्या लेकीचा, मनस्वीचा चेहरा द्यायचा की नाही, एवढंच तू विचारलंयस. संडे स्कूलला तू मनस्वीबरोबर फक्त नाताळच्या केकसाठी यायचास, आणि आज बायबलमधल्या गोष्टींवर पत्त्यांचा खेळ तूच काढतोयस. मनस्वीने तुझी चांगलीच फिरकी घेतली असती.

चित्र फार गोड आलंय. बारा वर्षांची असताना ती होती तशीच, दोन वेण्या, लाल रिबिनी, हनुवटीवरची खोक. याईराच्या घरामागे तू कर्नाळ्याचा सुळका उभा केलायस, तेही मी चालवून घेतलं. खाली तुझा नियम आहे. बाद पत्त्यांच्या ढिगात पडलेलं हे कार्ड ‘मुली, ऊठ’ म्हणून परत उचलायचं, आणि उचलणाऱ्याने आपल्या हातातलं भाकरीचं कार्ड तिला द्यायचं. ती उठल्यावर तिला खायला द्या, असं येशूने सांगितलं होतं, ते तुझ्या बरोबर लक्षात राहिलं. म्हणजे केक अगदीच वाया गेला नाही.

रविवारी प्रार्थना झाली की मुलं आमच्याकडे तुझा संच घेऊन खेळायला बसतात. तुझे सुदामकाकाही बसतात. गेल्या पावसाळ्यात मनस्वी तापाने गेली, तेव्हापासून हा माणूस घरात धड बोलत नव्हता. आता मुलांशी भांडतो. एका मुलाने या कार्डाच्या बदल्यात गल्याथ आणि शमशोन ही दोन्ही बलाढ्य कार्डं देऊ केली, तर काका त्याच्यावर असे खेकसले की पोरगं रडकुंडीला आलं. काका मुद्दाम हरतात, म्हणजे ती ढिगात जाते आणि त्यांना उठवता येते. मी स्वयंपाकघरात असते. आतून ऐकू येतं, मुली, ऊठ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली परात सुटली. तिला शाळेसाठी ते असंच उठवायचे, रे.

मग एकदा वाडीवरची कमळी म्हणाली, “काका, ती उठली ना, मंग तिला खरं खायाला कोन देनार?” लहान पोर, तिला काय कळतंय. पण त्या रविवारपासून काका ओट्यावर एक ताट झाकून ठेवतात. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, तिच्या आवडीचं. सोमवारी सकाळी ताट रिकामं असतं. मांजर असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली, तरीही रिकामंच. काका खातात का, मी विचारत नाही. ते नाही म्हणाले तर मी काय करू? खरं सांगते, आता तिची भाकरी मीच थापते, आणि पातळ थापते, तिला जाड आवडत नाही.

काका हल्ली कबरीवर येत नाहीत. तिथे कोणी नाही, म्हणतात. मागच्या रविवारी मी एकटीच फुलं घेऊन गेले आणि मलाही क्षणभर वाटलं, खरंच, इथे कशाला आले, ती तर घरी आहे. तेव्हा मी घाबरले.

म्हणून हे लिहितेय. कार्ड याच पाकिटात परत पाठवलंय. काकांना रविवारी कळेल, त्यांची समजूत मी घालेन, नाही पटली तर त्यांची बोलणीही खाईन. याईराच्या मुलीला तू दुसरा कुठलाही चेहरा दे. मनस्वीला एका हाकेत ओ द्यायची सवय होती, तुला माहीत आहे. उद्या घराघरांतून पोरं तिला उठवू लागली, तर ती कुठे कुठे उठेल? तूही तिला हाक मारण्यासाठीच हे चित्र काढलंस, हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं, आणि त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण मुलगी झोपली आहे, असंच त्या गोष्टीत येशू रडणाऱ्यांना म्हणतो ना? मग आपण तिघांनी मिळून तिला झोपू देऊ.

तुझीच,
संजनाकाकू