काळ्या भिंतीवरचा बुक्का

सोलापूर,
२१ नोव्हेंबर १९७८

प्रिय जोती,

प्रिय लिहिलं आहे ते सवयीनं. दुसरं काहीतरी कोरडं लिहावं म्हणून बराच वेळ बसलो होतो, पण तुझ्या नावाआधी दुसरा शब्द हाताला येईना. तर असो. तुझा चेहरा सध्या माझ्या शेडमध्ये जमिनीवर पसरलेला आहे. मी आडवा झोपलो तरी हनुवटी उरेल, एवढा मोठा. येत्या रविवारी सोलापुरात तुझा सत्कार आहे आणि सभागृहाच्या दारावर लावायचा बॅनर रंगवायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं आहे. नवी पेठेतले कापडवाले महादेवप्पा सत्कार समितीचे अध्यक्ष. ते तुझा फोटो घेऊन आले आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा तुम्हाला झेपेल ना? त्या भल्या माणसाला काही ठाऊक नाही. त्यांनी इथं दुकान थाटलं तोवर तू मुंबईला जाऊन बसला होतास. मी म्हटलं, बघतो प्रयत्न करून.

फोटोवर चौकटी आखल्या, कापडावर आखल्या आणि रोज थोडा थोडा तुला भरत गेलो. गालावर मांस आलं आहे तुझ्या. मिशीचा डावा कोपरा मात्र अजून उजव्यापेक्षा खालीच आहे, तो काही मुंबईला जमला नाही. खोटं कशाला सांगू, मनात आलं होतं की एक डोळा जरासा तिरळा करावा. अर्धा इंच बाहुली सरकवली की झालं, कुणाला कळलंही नसतं, फक्त बघणाऱ्याला उगीच वाटत राहिलं असतं की ह्या माणसाचं काहीतरी बिनसलेलं आहे. पण हात ऐकेना. डोळे जसे आहेत तसेच उतरले, तुझे ते जरा झोपाळू, समोरच्याला आपलंसं करणारे डोळे. माझा माझ्यावरच राग आला. त्या दिवशी ब्रश धुऊन लवकर घरी गेलो.

तुझी माझी गाठ कशी पडली ते तुला आठवतं की तेही आता वेगळं आठवतं? टॉकीजचा म्हातारा पेंटर आजारी पडला, मालकानं मला निरोप धाडला आणि मॅनेजरनं तुला. एकानं दुसऱ्याला सांगितलं नाही. मी पहाटे येऊन डावीकडून चेहरा धरला आणि चहाला गेलो, तेवढ्यात तू येऊन उजवीकडून सुरुवात केलीस. परत आलो तर एक काळासावळा वेळापूरकडचा गडी माझ्या नायिकेच्या उजव्या गालावर ओणवा. भांडणात वेळ घालवायला शुक्रवार थांबणार नव्हता, म्हणून दोघांनी आपापली बाजू पुरी केली. बॅनर वर चढला तेव्हा कळलं की बाईचा डावा डोळा रुसलेला आहे आणि उजवा हसतोय. मालक आपल्या अंगावर धावून आला. पण लोक रस्त्यात थांबून बघायला लागले, ती हसतेय की रुसलीय यावर पानपट्टीपाशी वाद व्हायला लागले आणि सिनेमा भलताच चालला. त्या दिवशी तू मला म्हणालास, "ह्यो योगायोग न्हाय शरण, बोलावणं हाय." मी असल्या गोष्टी मानत नव्हतो. तुझ्यामुळे मानायला लागलो.

शरणप्पातला शरण आणि जोतीरामातला राम घेऊन आपण बॅनरच्या कोपऱ्यात 'शरणराम' अशी सही करायला लागलो, ती गंमत म्हणून. गावाला वाटलं हा एकच माणूस. टॉकीजवाले विचारायचे, शरणराम कुठं आहेत? आपल्यापैकी जो कोणी शेडमध्ये असेल तो म्हणायचा, मीच. त्या शरणरामाला आपण दोघांनी मिळून वाढवला. त्याला चहा बिनसाखरेचा लागतो, तो सोमवारी रंगाला हात लावत नाही, त्याचं लग्न का झालं नाही, हे सगळं आपण हसत हसत ठरवलं होतं. लोक त्याला आदरानं नमस्कार करायचे आणि आपण पाठ फिरवून पोट धरून हसायचो. माझ्या आयुष्यात मी तेवढा पुन्हा कधी हसलो नाही.

मग ती कांडी भरणारी बाई आली. विणकरांच्या वस्तीत उन्हात बसून रहाटावर सूत भरणारी बाई आपण अख्खा उन्हाळा रंगवली. सकाळी तू, दुपारी मी. तू केलेलं मी पुसायचो, मी केलेलं तू. शेवटी त्यात कुठला फटकारा कुणाचा ते आपल्यालाही सांगता येईना. मुंबईच्या प्रदर्शनाला ती पाठवायची ठरली, तेव्हा एकानं जाणं भाग होतं आणि एकानं शुक्रवारचा बॅनर सांभाळणं. तू ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालेला, चारचौघांत बोलणारा. मी म्हटलं, तू जा. जाताना माझा टेरीकॉटचा शर्ट घालून गेलास. बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, खाली छापलं होतं 'चित्रकार शरणराम'. आई फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "शर्ट आपल्या शरणचा हाय की." आम्ही गल्लीत पेढे वाटले. मला वाटलं, फोटोत एकच मावला, एवढंच.

तू पुढच्या गाडीनं येणार होतास. मग महिन्यानं. मग पत्रं आली, मग कार्डं, मग दिवाळीला छापील शुभेच्छा. मी तक्रार केली नाही. मुंबईत माणूस अडकतो, आणि आपल्या दोघांपैकी एकाचं नशीब उघडलं तर ते दोघांचंच, असं मी आईला सांगायचो आणि खरंच तसं मानायचो. मी इकडे बॅनरवर 'शरणराम' लिहीत राहिलो. एके दिवशी टॉकीजसमोर कुणी प्राध्यापक थांबले आणि मॅनेजरला म्हणाले की एका नामांकित चित्रकाराच्या नावाची अशी नक्कल बरी नाही. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, मोठ्या माणसाचं नाव लावू नका, उगीच भानगड होईल. मी शिडीवर चढलो आणि पांढऱ्या रंगानं ते पुसलं. खाली तिकिटाच्या रांगेतले लोक बघत होते. तेव्हापासून माझ्या कामावर सही नसते.

तेही मी पचवलं असतं, जोती. पण त्यानंतरचं पचत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका वाचनालयाची पाटी रंगवायला घेतली होती. रंगाच्या डब्यांखाली अंथरायला म्हणून ग्रंथपालानं पुठ्ठा सुटलेला जुना दिवाळी अंक दिला. मी तो मधोमध उघडला तर तू समोर. तुझी मुलाखत. टर्पेंटाईन सांडता सांडता राहिलं. तुझ्या भाषेत हेही बोलावणंच म्हणायचं का? पाटी तशीच ठेवून मी पायरीवर बसून ती वाचली.

पहिल्या बॅनरची गोष्ट त्यात होती. डावी बाजू डाव्या हातानं रंगवली आणि उजवी उजव्या हातानं, म्हणून डोळे वेगळे झाले, असं तू सांगितलं आहेस. मी हसलो. तुला डाव्या हातानं साधा चहाचा कप धरता येत नाही. म्हणजे मी कोण, तर तुझा डावा हात. चला, तेवढं तरी ठेवलंस म्हणून पुढे वाचत गेलो. आणि मग ती भिंत आली.

लहानपणी आपण पहिलं चित्र कसं काढलं ते तू सांगितलं आहेस. स्वयंपाकघरातली धुरानं काळी झालेली भिंत, समोर भाकरी थापत बसलेली आई आणि देवघरातून हळूच उचललेला बुक्का. मुलानं भिंतीवर पाठमोरी आई काढली. आईनं पाठीत धपाटा घातला, मग भिंतीकडे बघितलं आणि पुढे कितीतरी दिवस चुलीला, भिंतीला पोतेरं फिरवताना तेवढी जागा सोडून फिरवत राहिली. शब्द न् शब्द माझा आहे. शेडच्या ओट्यावर बसून मीच तुला ते सांगितलं होतं आणि तू डोळे पुसले होतेस. फक्त आमच्या लिंगायतांच्या घरातली विभूतीची वडी तू काढून टाकलीस, कारण वेळापूरच्या मानेंच्या घरात ती कुठून येणार? तिच्या जागी तू बुक्का घातलास. काळ्या भिंतीवर काळा बुक्का. अरे, चित्रकार ना तू? विभूतीची वडी खडूसारखी हातात धरता येते, पांढरी उमटते. बुक्का चिमटीत धरून कुणी रेघ ओढली आहे का, आणि ओढलीच तर ती दिसणार कुणाला? हजारो लोकांनी ती मुलाखत वाचली असेल आणि कुणालाही न दिसणारं ते चित्र सगळ्यांना दिसलं. त्याला म्हणतात नाव होणं. मला मात्र त्या काळ्यावरच्या काळ्यात फक्त एवढंच दिसलं, की तू माझ्या आईला पुसून तिथं तुझी आई, बजाबाई बसवलीस.

तुझ्या आईबद्दल वाईट लिहिणार नाही. ती गेली तेव्हा तू पाळण्यात होतास, तुझ्याकडे तिची एकही आठवण नाही, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. तुला आठवण हवी होती म्हणून तू माझी उचललीस, हे मला कळतं. कळतं म्हणून राग पुरता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. कारण तुला मागता आली असती. माझ्या मित्राच्या घरी असं घडलं, एवढं म्हणाला असतास तर काय कमी झालं असतं तुझं? इतकी वर्षं तू तिच्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्लीस. ती तुला दारातूनच "ऊटा आतेनो?" म्हणून विचारायची, आणि तू जेवून आला असलास तरी न्हाय म्हणून पाटावर बसायचास. तिचं तेवढंच कानडी तुला येत होतं. अशा बाईला तू तिच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलंस. माझं नाव नेलंस तेव्हा मला चोरी झाल्यासारखं वाटलं होतं. हे वाचून मला घर गेल्यासारखं वाटलं.

आज दुपारी बॅनरवरचं नाव लिहिलं. महादेवप्पांनी कागदावर दिल्याप्रमाणे, ठळक, सावली टाकून, 'चित्रकार शरणराम'. आधी वाटलं होतं जोतीराम माने लिहावं आणि होईल तो तमाशा बघावा. पण निमंत्रणं छापून झाली आहेत, समितीनं हौसेनं सगळं जमवलं आहे, त्या माणसांनी माझं काय वाईट केलंय? आणि खरं म्हणजे मलाही आता त्या नावाशी ओढाताण नको आहे. तुझ्या तोंडाखाली माझ्या हातानं 'शरण' लिहिताना ब्रश थोडा अडखळला. 'राम' सरळ उतरलं. ते नाव मी तुला दिलं, जोती. कुठंही लाव, कशावरही लाव. मी कुणाकडे काही बोलणार नाही आणि रविवारी मागच्या रांगेतही बसणार नाही. पत्र त्यासाठी नाही.

पत्र आईसाठी आहे. मुलाखतीचं तिला काही माहीत नाही. ती वाचत नाही आणि मी सांगितलं नाही. तिला एवढंच कळलंय की आपला जोती मोठा होऊन येतोय. गल्लीभर सांगून झालंय. इरकली लुगडं काढून उन्हात घातलंय, आणि महादेवप्पांना गाठून तिनं पहिल्या रांगेतली खुर्ची मागून घेतली आहे. मी परोपरीनं सांगितलं की गर्दी असेल, उशीर होईल, तुला सोसणार नाही. म्हणाली, "पोराला हार घालताना आई नगं व्हय?" महादेवप्पा सांगत होते की तू प्रत्येक सभेत ती भिंतीची गोष्ट सांगतोस, लोक तिची वाट बघतात, बायका पदर लावतात डोळ्यांना. रविवारी ती सांगशील तेव्हा ती भाकरी थापणारी बाई तुझ्यासमोर हातभर अंतरावर बसलेली असेल, आणि तिला दिसायला कमी लागलं असलं तरी ऐकायला चोख येतं. म्हणून लिहितोय. ती गोष्ट सांगू नकोस. सांगायचीच असेल तर बुक्का टाकून दे, विभूती म्हण, आणि तिच्याकडे हात करून तिचं नाव घे, सुंदरम्मा. माझं नाही घेतलंस तरी चालेल.

अजून तरी तुझाच,
शरणप्पा