पाण्याचा मुद्दा

३ नोव्हेंबर, सोमवार
घसा बसलेलाच. काल हिंगणघाटला दोन सभा झाल्या, आज गरम पाणी आणि मौन. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने एवढं ओरडू नये.
सरपंचबाई येऊन गेल्या. १६ ला ग्रामसभा. वेणा नदीकाठचं गोल्फचं मैदान जुन्या गिरणीच्या साहेबांनी आखलेलं, आता क्लबकडे. जमीन गावाची, करार संपतोय. वाढवायचा की नाही, ते त्या दिवशी ठरणार. "गुरुजी, तुमच्याशिवाय कोन बोलन?"
खरं आहे. तीन वर्षं मीच बोलतोय. दोन मुद्दे: जमीन आणि पाणी. लोक पेटतात ते पाण्यावर. आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि शहरातल्या डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या खेळासाठी हिरवळ भिजते.

५ नोव्हेंबर
दिवसभर वाचन. भाषणासाठी दारूगोळा भरपूर. स्कॉटलंडच्या राजाने या खेळावर बंदी घातली होती, लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडू मारत बसले म्हणून. अमेरिकेत एका मोठ्या स्पर्धेचा कित्येक वर्षं दंडक: थैल्या उचलणारे कॅडी काळेच. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा तो आपल्या रक्ताचा कॅडी. काठी उलट्या हाताने धरायचा. गोऱ्यांना हरवून जिंकला, तर क्लबघरात घेतलं नाही, चषक बाहेर पावसात दिला. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. रागाने.
चहाच्या टपरीवर हे देवाजीला सांगितलं. देवाजी चौथीपर्यंत माझ्या बाकावर होता, नंतर मैदानावर कॅडी, आता तिथला मुख्य माळी. पन्नासहून जास्त वर्षं तिथेच. बशीतला चहा संपवून म्हणाला, "त्याले कप त भेटला ना?"
मी चहाचे पैसे देऊन उठलो.

८ नोव्हेंबर
देवाजी घरी आला. बसला नाही, दारातच उभा.
"सोमवारी क्लब बंद राह्यते. आमचा कॅडी लोकाइचा कप आहे. तू ये."
म्हटलं, मी त्या फाटकात पाय ठेवणार नाही असं जाहीर बोललोय.
"म्हूनच म्हन्तो. तीन वर्ष बोलून राह्यला, पाह्यलं काय तुनं?"
गेल्यावर चिडचिड झाली. जग वाचलेल्या माणसाला हा विचारतो, पाहिलं काय.

१० नोव्हेंबर, सोमवार
गेलो. लिहायला जड जातंय.
हिरवळ नाही. मुळात नाहीच. रानगवत, तेही आत्ताच पिवळं पडलेलं. आणि जिथे चेंडू खळग्यात ढकलतात, जिथे मी जन्मभर फोटोंत गालिचासारखं गवत पाहिलं, तिथे रेती. काळपट, तेलकट. गाड्यांचं जळकं ऑइल रेतीत कालवतात, म्हणजे ती उडत नाही. याला ब्राऊन म्हणतात. पाणी कमी तिथे साहेब लोकांनी काढलेली युक्ती. देवाजी फळी ओढून ते सपाट करतो.
"पाणी?" मी विचारलं.
"पाणी कायले? पाण्यानं त खराब होते."
मी फाटकातून आत जाणारे ड्रम पाहिले होते. ते पाण्याचे, हे मीच ठरवलं. बाकीचं परदेशी पुस्तकांनी पुरवलं.
"मले आधी काऊन नाही सांगितलं?"
"तू इचारलं कवा? अन् सांगतलं असतं त त्याचंबी भाषण केलं असतं तुनं."
मग त्यांचा खेळ पाहिला. देवाजी सहाव्या खळग्यापर्यंत बरोबरीत. सातव्या खळग्याला, गवतात काठी टेकवताना, त्याने हात वर केला. चेंडू हलला, एका फटक्याचा दंड. कुणीच पाहिलं नव्हतं, मी दहा पावलांवर असून नाही. त्याच एकाने हरला. कप रोशनने नेला, तोही कॅडीच, निम्म्या वयाचा. त्याने चिडवलं, "बुड्याले दिसत नाई, अन् चेंडू हललेला बरा दिसला." देवाजी हसला, विडी मागितली.
इथे पंच नसतो. ज्याने त्याने आपला दंड आपणच सांगायचा.

११ नोव्हेंबर
काही नाही. भाषणाचा कागद काढला, परत ठेवला. पाणी काढलं तर उरतं काय?
जमीन उरते. ती माझी खरी भूमिका. पण तिच्यावर टाळी पडत नाही.

१३ नोव्हेंबर
सरपंचबाईंना सांगितलं. ऐकून घेतलं, मग दार लोटून हळूच म्हणाल्या, "आता नोका बोलू गुरुजी. सभा झाल्यावर सांगा." चांगल्या बाई आहेत. त्यांना शाळेसाठी ती जमीन हवी आहे. मलाही.
सुमन भाजी निवडत होती. "चूक झाली त सांगा अन् मोकळे व्हा. भाषण नोका देऊ त्याच्यावर."
पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने माझं एकही भाषण पूर्ण ऐकलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सांगितलं. दोन वाक्यांत. मैदानाला पाणी लागत नाही. तीन वर्षं मी चुकीचं सांगितलं, न पाहता.
मागून कुणीतरी, "मंग नळाचं पाणी जाते कुठं गुरुजी?" हशा.
त्यानंतर जमिनीवर बोललो. पाणी लागो न लागो, गावाची जमीन गावाला हवी, फाटकाआड नको. हे मी मानतो, मरेपर्यंत मानीन. आवाज मध्येच गेला. एकही टाळी नाही.
देवाजी शेवटच्या रांगेत होता. पहिल्या दोन वाक्यांना मान हलवली. जमीन सुरू झाल्यावर उठून गेला.
निर्णय पुढच्या ग्रामसभेवर.

१९ नोव्हेंबर
तीन दिवस टपरीवर देवाजी नाही. सरपंचबाईही तुटक. लोक नमस्कार करतात, थांबत नाहीत. घशाबरोबर आता अंगात तापही.

२१ नोव्हेंबर
सकाळी मैदानावर गेलो. देवाजी रेतीवर फळी ओढत होता. पाहिलं, थांबला नाही.
"पाण्याचं बोल्ला, बरं केलं."
मी म्हटलं, हूं.
"पन जमीन पाह्यजेच तुले."
"हो."
"म्या कुठं जाऊ मंग?"
माझ्याजवळ शाळा होती, गाव होतं, न्याय होता. साठ भाषणं होतील इतकं होतं. तो कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, माझ्यापर्यंत आला आणि उभा राहिला.
"बाजूले हो. पाय उमटून राह्यले तुये."
मी गवतावर सरकलो. त्याने माझ्या पावलांवरून फळी नेली. पुढच्या सभेच्या वक्त्यांत सरपंचबाईंनी पहिलं नाव माझंच लिहिलंय. अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.